कोणाच्याही मदतीशिवाय

प्रिय खटपटे,

हे पत्र मी सांगतेय आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहितेय. मी तिला टाचणी म्हणते. अंगानं तशीच, आणि बोलणंही टोचरं. अक्षर तिचं, अक्कल माझी. चुका निघाल्या तर कान तिचे धर.

तुझी वकीलबाई येऊन गेली. पोरगी गोड आहे, पण हातातली पेन्सिल काही खाली ठेवत नाही. तिनं मला समजावलं की पेटंटच्या कचेरीतल्या तपासनिसाला तुझं बटणयंत्र म्हणजे जुनाच चिमटा नि जुनाच आकडा वाटतोय, आणि एका हाताचं माणूस त्यावर आपली बटणं लावतं हे तर त्याला मुळीच पटत नाही. म्हणून डावा हात लुळा पडलेल्या, यंत्र टेबलाच्या कडेला बसवून वापरणाऱ्या म्हातारीनं, म्हणजे मीच, प्रतिज्ञापत्र द्यायचं. महिनाअखेरीपर्यंत पुरावा पोचला नाही तर अर्ज बाद. नोकरी सोडून तू ज्याच्या मागे लागलीस, ते सगळं पाण्यात.

मी म्हटलं, लिहा, नात लहानपणापासून हुशार. तिनं खोडलं. मत चालत नाही म्हणे; डोळ्यांनी पाहिलेलं नि हातानं केलेलं तेवढंच सांगायचं. मग म्हटलं, यंत्र गुणी आहे, पण मुकं आहे. तेही खोडलं, विषयाला सोडून म्हणून. खोडता खोडता तिनं मला अगदी सुबक करून टाकलं आणि वाचून दाखवलं, ‘मी एकटी राहते. बटणं लावायला मला कोणाचीही मदत लागत नाही.’ एकही शब्द खोटा नव्हता. तरी अंगठा पुढे होईना. शाईनं खाज सुटते असं सांगून वेळ मारून नेली. एवढी शिकलेली बाई, पण विश्वास ठेवला बिचारीनं.

जाताना म्हणाली, नातीसाठी आजीची साक्ष म्हणजे घरचीच, तिला वजन कमी. रोज येणारं-जाणारं बाहेरचं कोणी हवं. आता माझ्याकडे बाहेरचं कोण? तुझे आजोबा गेल्यापासून माझी बेल वाजवते ती एक टाचणीच. दुकान उघडण्याआधी वर येते, माझ्या गाऊनची बटणं लावते आणि लावता लावता कोणाचा कोट पोटावर बसेना, कोणाची सून मापं द्यायला एकटीच आली, सगळं सांगते. परवा वकीलबाई तिचं प्रतिज्ञापत्र घ्यायला येणार आहे. टाचणीला खोटं बोलता येत नाही. ती सरळ सांगेल, यंत्र टेबलावर असतं, पण बटणं रोज मीच लावते. एवढं एक वाक्य, आणि तुझा अर्ज गेला.

तर ऐक. यंत्र चालतं, पोरी. पहिल्या आठवड्यापासून झकास चालतं. सकाळी उठून सगळी बटणं मी लावते, आरशात बघते, तुझी दृष्ट काढावीशी वाटते. मग जिन्यात पावलं वाजली की एकेक सोडून टाकते आणि केविलवाणं तोंड करून पलंगावर बसते. ती म्हणते, नातीनं खेळणं पाठवलंय बाई तुम्हाला! आणि मी मान डोलावते. तुझी निंदा गिळते, कारण तोवर ती शेवटच्या बटणापाशी आलेली असते, आणि ती उठू नये असं मला वाटत असतं.

टाचणीचा हात थांबलाय. लिही गं, हेही लिही. उद्या सकाळी मी तिच्यासमोर बटणं लावून दाखवीन, म्हणजे तिला डोळ्यांनी पाहिलेलं सांगता येईल. परवा मीही अंगठा देईन. त्यानंतर जिना चढून यायला तिला काही कारण उरणार नाही. हे तिला तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून तुला पत्र धाडायचं निमित्त काढलं. ती खाली मान घालून लिहितेय.

तुझीच,
लबाड आजी