आतूनही पिवळं

३ फेब्रुवारी
पार्सल आलं. सोन्याचं नाणं, ग्रेडिंग केलेलं. ग्रेडिंग म्हणजे एक कंपनी नाणं तपासते, मार्क देते आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करते. डबीवर लेबल, लेबलवर नंबर. माझ्या नाण्याला सत्तरपैकी सत्तर. मला स्वतःला आयुष्यात कशातच पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

ऑनलाइन डीलर फार सज्जन निघाला. सोन्याच्या भावापेक्षाही स्वस्तात दिलं. वर म्हणाला, तुमच्यासारखे पारखी लोक हल्ली राहिले नाहीत. नुसत्या आवाजावरून ओळखलं त्याने.

मुलीला नव्या घराचा ताबा मिळालाय. महिनाअखेरीस येईल, तेव्हा हे द्यायचं.

उद्यापासून रोज फिरायला जायचं.

४ फेब्रुवारी
बूट घातले आणि खुर्चीत बसलो. दुपारी बूट काढले.

७ फेब्रुवारी
शर्टाचं बटण तुटलं म्हणून हिचा शिवणाचा डबा काढला. ही गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. वर्ष होत आलं. रिळांच्या खाली तसंच एक नाणं, तसल्याच डबीत. नाण्यावर तोच राजा, तेच साल. मला न सांगता घेतलेलं.

मुलीला फोन केला. तिला सगळं ठाऊक होतं. म्हणाली, आईने माझ्या घरासाठी घेऊन ठेवलंय, आता आले की नेते, तोवर तेवढं जपा. बरं म्हटलं. मला का नाही सांगितलं, हे विचारायचं राहून गेलं. बटणही राहिलं. दुसरा शर्ट घातला.

८ फेब्रुवारी, सकाळी
दोन्ही डब्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. एकसारख्या नाहीत. म्हणजे एक खोटी आहे.

कोणती, हा प्रश्नच नाही. बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात मी रिटायर होईपर्यंत तपासनीस होतो. चष्म्याशिवाय. तिथे एक नमुना पीस असायचा, मखमलीच्या पेटीत. बाकीची सगळी झाकणं त्याच्याशी ताडून पाहायची. जुळलं तर पास, नाही तर भंगार. नमुना तपासायचा नसतो, नमुन्यावरून तपासायचं असतं. ही शिस्त आता कुणात उरली नाही.

माझं नाणं नमुना धरलं, कारण ते मी स्वतः पारखून घेतलंय. हिच्या लेबलवरची अक्षरं बारीक, माझ्यावरची चांगली ठसठशीत. फेल. हिच्या डबीवरचं चमकतं चित्र एका कोनात धरलं तरच दिसतं, माझ्यावरचं पलीकडच्या खोलीतून दिसतं. फेल. हिच्या डबीच्या दोन बाजू अशा बसल्यात की सांधाच सापडत नाही. माझ्या डबीला कडेने बारीक फट आहे, हवा खेळायला. पुन्हा फेल.

भोळी होती बिचारी. कुणीही यावं आणि टोपी घालावी.

१० फेब्रुवारी
कंपनीच्या वेबसाइटवर नंबर घालून पाहिले. माझा नंबर खरा निघाला, फोटोसकट. फोटोतल्या राजाच्या गालावर ओरखडा आहे, म्हणून त्याला मार्क बासष्टच. माझ्या राजाचा गाल गुळगुळीत. म्हणजे माझं नाणं फोटोपेक्षाही सरस.

हिचाही नंबर निघाला. फोटोतला प्रत्येक ठिपका हिच्या नाण्यावर जिथल्या तिथे. इतकं तंतोतंत जुळलं की समजावं, कुणीतरी फोटो समोर ठेवून नक्कल केली आहे.

खोटं नाणं कसं ओळखावं यावर एक पुस्तिका लिहायचं ठरवलं. लोकांना गरज आहे. प्रस्तावना सुचत असतानाच झोप लागली.

१३ फेब्रुवारी
मेहुणा आला, हिचा धाकटा भाऊ. त्याला दोन्ही नाणी दाखवून निकाल सांगितला. म्हणाला, भाऊजी, माझ्या ताईने बाजारातून कधी किडकी भाजी आणली नाही, ती खोटं सोनं कशी आणेल. सराफाकडे जाऊ म्हणाला, सोनारानेच कान टोचलेले बरे. मी म्हटलं, घरात तपासनीस असताना सराफ कशाला. त्यावर तो शिवणाच्या डब्याकडे बघत बसला.

चहा मी केला. दूध नव्हतं. त्याने तसाच प्यायला.

१६ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही डब्या तोलल्या. माझी जड. जास्त वजन म्हणजे जास्त सोनं, हे शेंबडं पोरही सांगेल. चुंबक लावला, तो दोन्हींना चिकटला नाही. चुंबकच खराब असणार. फ्रिजच्या दारावरचा आहे, तोही हिनेच आणलेला.

माझी डबी हलवली की नाणं आत खुळखुळतं. हिचं मुकं. खरं नाणं बोलतं, हे वाक्य पुस्तिकेत घालायचं.

पुस्तिकेची अजून सुरुवात नाही. जेवण झालं की नाही आठवत नाही. बहुतेक झालं.

१९ फेब्रुवारी
मुलीचा फोन. सव्वीसला येते. आईचं नाणं नीट ठेवलंत ना, असं पुन्हा विचारलं. हो म्हटलं.

आई फसली हे पोरीला कळता कामा नये. तिच्याकडे आईची अशी तेवढी एकच वस्तू जायची आहे. खूप विचार करून ठरवलं. हिचं नाणं कापायचं, आतलं तांबं पुरावा म्हणून ठेवायचं, हिला फसवणाऱ्या दुकानदाराला एक दिवस धरायचं. आणि माझं नाणं आईचं म्हणून मुलीला द्यायचं. माझा हा त्याग कुणाला कधीच कळणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवला.

२१ फेब्रुवारी
हिची डबी फोडायला घेतली. फुटेना. आधी हातोडी, मग पक्कड, मग दाराच्या फटीत धरून दार लावलं. बोट चेमटलं. नकली मालाला इतकं मजबूत प्लॅस्टिक कशाला वापरतात कळत नाही. शेवटी फुटली.

नाणं तळहातावर घेतलं. गार होतं. हळूहळू गरम झालं. बराच वेळ धरून बसलो होतो. कशासाठी ते माहीत नाही. कापायचं काम उद्यावर ढकललं.

२२ फेब्रुवारी
लोखंड कापायच्या करवतीने मधोमध कापलं. राजाच्या नाकावरून.

तांबं नाही. आतूनही पिवळं. हल्लीचे चोर किती पुढे गेलेत, आतसुद्धा हुबेहूब सोन्यासारखं करतात. बाहेरून फसवणं एक वेळ समजू शकतो.

ओट्यावर पिवळा कीस पडला होता. ओल्या फडक्याने पुसला, फडकं नळाखाली स्वच्छ धुतलं. ही असती तर म्हणाली असती, आज सूर्य कुठे उगवला.

२६ फेब्रुवारी
मुलगी आली. माझी डबी तिच्या हातात ठेवली आणि आईचं आहे म्हटलं. तिने ती कानाशी नेऊन हलवली. म्हणाली, हे वाजतंय, आईचं वाजत नव्हतं. घेतलं तेव्हा ती आईबरोबर दुकानात होती.

मग दोन तुकडे दाखवावे लागले. नमुन्याची सगळी पद्धत मी तिला शांतपणे समजावून सांगितली, अक्षरं, फट, वजन, सगळं. ती तुकडे जुळवून धरून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, नमुना कुणी तपासला होता? मी म्हटलं, नमुना तपासायचा नसतो.

रात्री ती आईच्या बाजूला झोपली. म्हणजे पलंगाच्या त्या बाजूला. मी बाहेर सोफ्यावर.

२७ फेब्रुवारी
मुलगी, मेहुणा आणि मी सराफाकडे गेलो. त्याने हिचे दोन तुकडे मशीनखाली ठेवले. सोनं. अस्सल. मग माझी डबी उचलली, कडेच्या फटीत नख घातलं आणि डबी उघडली. हातोडी नाही, पक्कड नाही. आत पितळ, वर मुलामा. मग वजन जास्त कसं, असं मी विचारलं. म्हणाला, प्लॅस्टिक जाड आहे.

कापताना कीस पडला असेल, तो आणलात का, असं त्याने विचारलं. मी फडक्याचं सांगितलं. मेहुणा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

सराफ म्हणाला, वितळवून एक करून देतो, काहीच वाया जायचं नाही. मुलगी नको म्हणाली.

परत येताना विचारलं तिला, आईने मला का सांगितलं नाही. म्हणाली, आई म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस, ते तपासत बसतील.

२८ फेब्रुवारी
मुलगी सकाळी गेली. एक तुकडा नेला, एक माझ्यासाठी ठेवला. जाताना म्हणाली, हा तपासू नका, नुसता ठेवा.

डीलरला फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही. पुस्तिकेचा विचार सोडला.

माझ्या डबीतलं पितळ काढून टाकलं आणि हिचा अर्धा राजा आत ठेवला. नीट बसत नाही. हलवलं की खुळखुळतो. दुपारभर दोन-चारदा हलवून पाहिलं. घरात तेवढाच आवाज.

मला हिची फार आठवण येते. हे तीन तारखेलाच लिहायला हवं होतं.

मग शर्ट घेऊन बटण लावायला बसलो. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. चष्मा लावला, भिंग धरलं, खिडकीशी गेलो. नेढंच दिसत नाही मला. गेली कित्येक वर्षं दिसत नव्हतं, हीच ओवून द्यायची.