खाट शेतात नेली आहे

डिंपल,

घरात खाट दिसली नाही म्हणून घाबरू नकोस. तोतारामनानांच्या टेम्पोत ती टाकली आणि तिच्यावर आडवा होऊन मीही शेतात चाललोय. मणक्याचं हे दुखणं जडल्यापासून तू भरीत पार्टीला नाहीच म्हणतेस. विचारतेस, तुम्ही बसणार कसे? बसणार नाही, पडून खाईन. पाठ घरीही दुखते, तिथंही दुखेल. दुपारची गोळी खिशात आहे.

वांगी नाना भाजतील. तू कांद्याची पात आण आणि ठेचायची लाकडी बडगी विसरू नकोस. तिच्यात वांगी ठेचताना तू बायकांत अशी हसायचीस की मला विहिरीपाशी ऐकू यायचं. इथं माझ्या उशाशी बसून तू फार हळू बोलायला लागली आहेस.

हितेंद्र