करंजी की चॉकलेट

२५ ऑक्टोबर, अप्पर हट
आलो एकदाचे! सँडरिंगहॅमच्या आधीच्या फ्लॅटपेक्षा हे घर कितीतरी मोकळं आहे. मागे लिंबाचं झाड, स्टेशन पाच मिनिटांवर. हरीश इथून ट्रेनने वेलिंग्टनला जाईल, माझी हॉस्पिटलच्या फार्मसीतली नोकरी पुढच्या आठवड्यापासून. समोरच्या मैत्रेयीताईंनी पोहे आणून दिले. आमची नऊ वर्षांची सिद्धी त्यांच्याकडे गेली ती थेट रात्रीच्या जेवणाला परतली.

२७ ऑक्टोबर
यंदा दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात. दारावर येणाऱ्या मुलांना द्यायचं काय? मैत्रेयीताई म्हणाल्या, अगं, घरचं काही देऊ नकोस, इथले आईबाप ते कचऱ्याच्या बिनमध्ये टाकतात, वेष्टनातलंच दे. गेल्या वर्षी त्यांच्याकडे साठ मुलं आली म्हणे. यंदा हॅलोविनला सिद्धीही त्यांच्याकडेच थांबणार. हे तिने मला इंग्रजीत सांगितलं. लहानपणापासून ती मला इंग्रजीतच उत्तर देते. त्यांच्याशी मात्र दोन दिवसांत मराठी बोलायला लागली.
मला मत्सर वाटतोय का? वाटतोय. चॉकलेटं आणली, पण करंज्याही केल्या.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढली. खरं लिहायचं तर मनात लक्ष्मी नव्हती. माझ्याशी मराठीत बोलणारं लेकरू येऊ दे, असं म्हणत काढली.
संध्याकाळी लख्ख उजेडातच (इथे मावळायला आठ वाजतात) एक मूल आलं. घुबडाचा कागदी मुखवटा. करंजी दिली. ते म्हणालं, आई, अजून दे. मला इतकं बरं वाटलं की कुणाचं म्हणून विचारलंही नाही.
नंतर पाहिलं तर रांगोळीची पावलं उंबरा ओलांडून पार स्वयंपाकघरापर्यंत. ती मी काढली नव्हती.

३० ऑक्टोबर
ते पुन्हा आलं. सहा करंज्या खाल्ल्या. घरचं दिलंस म्हणून मला आत येता आलं, म्हणालं. आवाज सिद्धीचा.
जेवताना हरीशने दोनच ताटं घेतली. सिद्धी त्याच्या समोर उभी होती. तिचं ताट मी वाढलं. हरीशने विचारलं, हे कुणाचं?
मी ते हसण्यावारी का नेलं?

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी सात
मैत्रेयीताईंच्या फाटकाशी रांग. आमच्या दाराशी कुणी नाही.
ते टेबलाशी बसलंय. मुखवटा काढलाय. चेहरा सिद्धीचा, हनुवटीवरचा तीळसुद्धा. शाळेतलं सगळं सांगतंय, मराठीत, न थांबता. हरीश त्याला सिद्धी म्हणतो.

सव्वासात
दार वाजतंय. मम, मम, अशी इंग्रजी हाक. काचेतून दिसतेय — माझी सिद्धी. हरीश म्हणाला, कुणाचं तरी पोर आलंय, दे काहीतरी.
ते हळूच म्हणालं, आई, तिला चॉकलेट दे. म्हणजे ती जाईल.
करंजी दिली तर ती आत — एकच उरलीय —
मला कळतं काय द्यायचं. यात विचार करण्यासारखं काही नाही. मग मी लिहीत का बसलेय —
उठले. करंजी घेतली. तेवढ्यात समोरून मैत्रेयीताईंनी हाक मारली. सिद्धी लगेच वळली, हसली, आले मावशी म्हणाली — त्यांना, मराठीत —
करंजी खाली ठेवली. फक्त क्षणभर. चॉकलेटचं पाकीट उघडून —