हशा ओसरेपर्यंत

विसरभोळ्या नायजेल,

आजी अजून जिवंत आहे, बरं का. शेजारची म्युरिएल हे लिहून घेतेय.

ज्या नाटकात मी जन्मभर मोलकरीण झाले, त्याचाच तू टीव्हीसाठी सिनेमा करतोयस आणि ते काम मलाच दिलंस. मँचेस्टरला माझ्या पहिल्याच वाक्याला थिएटर हसायचं. कॅमेऱ्यापुढेही ते वाक्य बोलून मी सवयीनं हशा ओसरायची वाट पाहत थांबले. पण तिथं हसणार कोण?

“आजी, विसरलीस का गं?” तू हळूच विचारलंस.

समजावत बसायचा कंटाळा आला, म्हणून “हो” म्हटलं. आता त्या कामाला माझ्या जागी दुसरी नटी घेतलीस म्हणे. घे बाबा, थकलेय मी. पण विसरले नव्हते रे.

तुझी आजी,
हेटी

म्युरिएल, हे टपालात टाकू नकोस. फोनवर त्याला एवढंच सांग, आल्याचा केक पाठव, मऊसा.