गव्हाणीपाशी चार कांड्या

रविवार, संध्याकाळ

राहात्याहून, अप्पांकडून आत्ताच आले. हातपायसुद्धा धुतले नाहीत, आधी हे लिहिते.

अप्पांना घरात बसून माझ्याशी बोलता यावं म्हणून सिमकार्डाचा मोडेम नेला होता. तो हातात घेऊन रेंज बघत दोघं घरभर हिंडलो. माजघरात एकच कांडी, देवघरात तीही नाही. गोठ्यात गव्हाणीपाशी मात्र चारही भरल्या. आई गेल्यावर अप्पांनी गाय विकली. तिची घंटी तेवढी तिथल्या खुंटीला आहे.

आईचा फोन आला की मागे ती घंटी वाजायची. मला वाटायचं, हिचं बोलतानाही काम सुटत नाही. काम कसलं! फोन तिथंच लागायचा. किती वेळ उभी राहायची ती, शेणात, डासांत? कधी बोलली का नाही?

“इथंच बसवू या का, अप्पा?”

“नगं. तिथं तुजी आई उभी ऱ्हाती.”

मग माजघरातच ठेवला, त्या एका कांडीवर.

लिहिता लिहिताच अप्पांचा फोन आला. आवाज इतका स्वच्छ, की मी विचारलं, “अप्पा, कुठून बोलताय?”

मागे घंटी वाजली.