लुसिंडाबाईंची दुसरी शपथ

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी ९.४०

शुक्रवारी कंपनीने मला मोकळं केलं. दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यातली चार मिनिटं मी म्यूटवर बोलत होतो. बारा वर्षं यांच्या गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिलं. जाऊ दे.

पगार ७ मार्चपर्यंत चालू राहणार. नोकरी गेली की व्हिसावाल्याला दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. पण नोकरी खरी जाते कधी? पगार थांबतो तेव्हा. म्हणजे साठ दिवस ७ मार्चपासून मोजायचे. म्हणजे ६ मे. भरपूर वेळ आहे. सुवर्णा म्हणाली, एकदा वकिलाला विचारून घे. बायकोला कौतुक नाही. आमच्या ट्रॉय शहरातल्या मराठी ग्रुपवर व्हिसाचा प्रश्न आला की लोक मला टॅग करतात, वकिलाला नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज पाच अर्ज. आणि १२ जूनला लेकीचं, रुहीचं, हायस्कूल ग्रॅज्युएशन आहे, तोवर लुसिंडाबाईंचं चरित्र पूर्ण करून तिच्या हातात देणे.

मंगळवार, १४ जानेवारी

८.२० ला उठलो. बाहेर उणे चौदा. इतक्या थंडीत पाचला उठणं तब्येतीला चांगलं नसतं.

लुसिंडाबाई म्हणजे टुंड्रिका प्रजासत्ताकाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. हा देश दहा वर्षांपूर्वी आमच्या डायनिंग टेबलवर स्थापन झाला. रुही दुसरीत होती. मोठी होऊन प्रेसिडेंट होणार, असं तिने वर्गात सांगितलं, तर कुणीतरी तिला ऐकवलं की तू इंडियात जन्मलीस, तुला होता येणार नाही. घरी आली ती बूटही न काढता रडत बसली. सांगणाऱ्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत. रुहीचा जन्म पुण्याचा, आली तेव्हा तीन वर्षांची. शेवटी मी तिच्यासाठी नवीन देश काढला. तिथे कुणीही राष्ट्राध्यक्ष होऊ शकतं, जन्म कुठलाही असो. शाळेत नुकताच टुंड्रा शिकवला होता, म्हणून टुंड्रिका. क्रेयॉनने नकाशाही तिनेच काढला. लुसिंडा हे नाव का, ते विचारायचं नाही, असं तेव्हाच ठरलं.

आज पहिलं पान लिहिलं. बाई तीन वर्षांच्या असताना होडीतून टुंड्रिकात येतात. माझेच डोळे भरून आले. अर्ज: शून्य.

गुरुवार, ३० जानेवारी

बाई झपाट्याने वर चढतायत. बंदरावर पार्सलं नोंदवणारी कारकून, मग शाळेत बाई, मग महापौर. माझे अर्ज दोन, त्यातला एक चुकून जुन्याच कंपनीला गेला.

राजेश चहाला आला होता. त्यालाही माझ्याच दिवशी काढलं. त्याला ७ मार्चचा हिशोब नीट समजावून सांगितला. मान डोलावली, आणि इथून निघाला तो थेट वकिलाकडे गेला. लोकांचा विश्वासच उडालाय.

रविवार, ९ फेब्रुवारी

मंडळाची संक्रांत आज झाली. इथे संक्रांत शाळेचा हॉल मिळेल तेव्हा येते. जगन्नाथकाकांनी कोपऱ्यात गाठलं. पस्तीस वर्षं ट्रॉयमध्ये, त्यामुळे सल्ला द्यायचा परवानाच आहे त्यांच्याकडे. म्हणाले, परीक्षित, तुझं ते नोकरीवरून काढल्याचं पत्र घेऊन ये, माझ्या ओळखीचा वकील फुकट बघून देईल. मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोललो. त्यांच्या वेळचे नियम वेगळे होते, म्हाताऱ्या माणसाला काय दुखवायचं?

आनंदाची बातमी. रुहीला स्टेट कॉलेजला ॲडमिशन मिळाली. सुवर्णाने पुण्याला सगळ्यांना फोन केले. मग स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, पोरीचं सगळं तुझ्या व्हिसावर आहे रे. मी म्हटलं, सहा मे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

डेट्रॉइटच्या एका छोट्या कंपनीचा फोन. टेस्टिंगचं काम, माझ्या दोन पायऱ्या खालचं. पुढच्या सोमवारी जॉइन व्हा, कागदपत्रं लगेच फाइल करतो म्हणाले. सभ्यपणे नाही म्हटलं. पगार अजून चालू आहे, आणि मी काय टेस्टिंग करू? सुवर्णाला सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन येतं.

उद्यापासून पाचला उठणे. नक्की.

मंगळवार, ११ मार्च. संध्याकाळी ७

चरित्रातलं सर्वोत्तम प्रकरण आज पूर्ण! बाईंची पाच वर्षांची मुदत संपलीय. विरोधक राजवाड्याबाहेर उभे, खुर्ची सोडा म्हणतायत. बाई शांतपणे सांगतात की पहिल्या शपथेच्या दिवशी वादळ होतं, माइक बंद पडला, कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा शपथ घेतली, ती खरी. मुदत तिथून मोजा. विरोधक आपापल्या घरी. असं सुचायला डोकं लागतं.

त्या खुशीत दोघींना डोसा खायला घेऊन गेलो. रुहीला प्रकरण तोंडी सांगितलं. तिने विचारलं, पण पहिल्या दिवशी बाईंनी रजिस्टरमध्ये सही केली होती ना? केली असेल म्हटलं. मग ते रजिस्टर कुणाकडे तरी असणारच, म्हणाली, आणि चटणी घेतली. सतरा वर्षांच्या मुलांना राजकारण कळत नाही.

तिघं खूप हसलो. कितीतरी दिवसांनी. आजची तारीख लक्षात राहील.

शुक्रवार, ४ एप्रिल

सांगत होतो ना! प्लेनो शहरातल्या एका कंपनीची ऑफर आली. राजेश फेब्रुवारीतच तिकडे जॉइन झाला, त्याने माझं नाव पुढे केलं. भला माणूस, फक्त घाबरट. ग्रुपवर टाकलं. एक्केचाळीस अभिनंदनं. जगन्नाथकाकांनी तेवढं फक्त विचारलं, वकिलाने कागद बघितले का. काहींना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

ठरलं: मी पुढे जाईन, त्या दोघी १२ जूननंतर येतील. रुही गाउनचं माप देऊन आली.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळी ११.१५

प्लेनोच्या कंपनीच्या वकीलबाईंचा फोन. पत्रावर कामाचा शेवटचा दिवस कुठला, एवढंच विचारत होत्या. १० जानेवारी. मी त्यांना पगाराचा मुद्दा समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, साठ दिवस १० जानेवारीपासून. ११ मार्चला संपले.

मी पुन्हा समजावून सांगितलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. त्या साठ दिवसांत दुसरं काही फाइल केलं होतं का, असंही विचारलं. नाही. मग आता देशाबाहेर जाऊनच परत अर्ज करायचा, आणि जितक्या लवकर निघाल तितकं बरं. कंपनी तोवर थांबेल का? नाही थांबणार. दोनदा सॉरी म्हणाल्या.

मी त्यांना थँक यू म्हटलं. का कोण जाणे.

मंगळवार, १५ एप्रिल

आज घरी सांगणार होतो. पण उद्या संकष्टी आहे. चांगल्या दिवसाच्या तोंडावर नको.

गुरुवार, १७ एप्रिल

सांगितलं.

सुवर्णाने गॅस बंद केला. मग विचारलं, जानेवारीत तू वकिलाला विचारलंस का? तिला उत्तर माहीत होतं. त्या टेस्टिंगच्या नोकरीचंही आज सांगून टाकलं. ती उठली, गॅरेजमध्ये गेली आणि मोठ्या बॅगा काढल्या. मी धरायला गेलो, तर म्हणाली राहू दे.

रुहीने एकच विचारलं. साठ दिवस संपल्याची तारीख कुठली? मी सांगितली. तिने फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. डोशाचा फोटो. मी पेपर डोसा दोन्ही हातांनी वर धरलाय, तिघं दात काढून हसतोय. खाली तारीख. मग ती वर गेली.

तिच्या शाळेशी बोललो. डिप्लोमा पोस्टाने पाठवतील. स्टेट कॉलेजवाले म्हणतात, तिने पुण्याहून स्वतःचा व्हिसा काढावा, मग बघू.

मला माझी लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचत नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

रुहीला बरं वाटावं म्हणून म्हटलं, शेवटचं प्रकरण बाकी आहे, त्यात बाईंसाठी काहीतरी मार्ग काढतो. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. हल्ली माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. म्हणाली, टुंड्रिकात कुणीही प्रेसिडेंट होऊ शकतं हा नियम तू केलास, बाबा. तिथे राहायला कुणाला मिळतं, हा नियम केलाच नाहीस.

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. खोक्याला टेप लावता लावता म्हणाली.

शुक्रवार, २५ एप्रिल. दुपारी ४

बॅगा बाथरूमच्या काट्यावर चढवून बघतोय. रुहीची बॅग जास्त भरली. तिने न विचारता मी त्यात ठेवलेली चरित्राची वही बाहेर काढली, दोनशे अकरा पानं, आणि देऊन टाकायच्या ढिगात ठेवली. तरी काटा थोडा वरच राहिला, तर बुटांचा एक जोड काढला. क्रेयॉनचा नकाशा मात्र स्वेटरच्या घडीत आहे. तो पाहिल्याचं मी दाखवलं नाही. वही उचलून माझ्या हातातल्या बॅगेत टाकली.

ग्रुपवर कुणा अनयाने विचारलंय, नवऱ्याची नोकरी गेली, पगार अजून तीन महिने येणार, तर साठ दिवस कधीपासून? चार जणांनी मला टॅग केलं. मी लिहिलं, कामाच्या शेवटच्या दिवसापासून, आणि आजच्या आज वकील गाठा. भराभर अंगठे आले. त्यात जगन्नाथकाकांचाही होता.

शेवटचं प्रकरण पुण्यात गेल्यावर लिहीन. तिथे निवांत वेळ मिळेल.

पहाटे पाचचा गजर लावलाय. उद्या उठणार. साडेपाचला काका गाडी घेऊन येतायत, आम्हाला एअरपोर्टला सोडायला.