चालीचा दाखला

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, त्यामुळे तूर्त तो कागदावरच स्वीकारावा.) तुमची आणि मामींची तब्येत उत्तम असेल असं धरून लिहितो, नसेल तर आधी ते कळवा, बाकीचं पत्र मागाहून वाचलंत तरी चालेल. इकडे आम्ही मजेत आहोत. फक्त खाणावळीत मी अजून मागच्या बाजूला बसून कांदे सोलतो. ओल्या फरशीवर पडून गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मालकांचा एकच हेका, की चाल ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ताटं हातात मिळणार नाहीत.

तर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ‘चाल तपासणी, संगणकावर’. मी ती नीट वाचली. चालणं तपासायचं असतं तर ‘चालणे’ लिहिलं असतं. तेव्हा ‘चाल’पुढचं ‘चलन’ घाईत राहून गेलं असावं. म्हणून जुन्या मुख्याध्यापकांकडून चालचलनाचा दाखला आणला (शाळा अर्धवट सुटली, पण वर्तणूक पूर्ण होती). तपासणीच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “फार छान. आता पँट काढा.” मामा, मी दाराकडे पाहिलं. आत आई बसली होती आणि बाहेर जिना होता. शेवटी एक हाफपँट मिळाली.

मग त्यांनी मला खांद्यापासून घोट्यापर्यंत बोराएवढ्या चमकत्या गोळ्या चिकटवल्या. चारी भिंतींवर कॅमेरे. ते माणसाकडे बघतच नाहीत, फक्त गोळ्या बघतात, आणि संगणक त्या जोडून पडद्यावर काड्यांचा माणूस चालवतो. बाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा मला पायावरच्या गोळ्या एका ओळीत दिसेनात, म्हणून दोन-चार मीच नीट लावल्या. पडद्यावर माझा गुडघा बगळ्यासारखा उलटा दुमडला. आई रडायला लागली. बाई मला जे बोलल्या ते व्याकरणाला धरून होतं, पण लिहिण्याजोगं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र काड्यांचा माणूस झकास चालला. डावं पाऊल बाहेर फेकलेलं, उजवा खांदा उतरलेला, आणि मध्येच एक हलका हिसका. आई डोळे पुसता पुसता ओरडली, “अगंबाई, हा तर आमचा दादा! भाजी आणायला निघालाय बघा!” मामा, ना तोंड, ना कपडे, ना मिशी, तरी तुम्हीच! बाई हसल्या, मी हसलो, शेजारच्या खोलीतून डॉक्टर हसत आले. त्यांचं म्हणणं, गुडघा छान बरा झालाय, पण हा हिसका पडल्यामुळे आला की आधीचाच, हे संगणकाला कळत नाही. हा मुलगा मामाचं बोट धरूनच चालायला शिकला, असं आईने शपथेवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “आई, शपथ पडद्यावर दिसत नाही हो.” त्यांना पटलं नाही, तर आणखी व्यायाम आणि आणखी कांदे.

असो. मामींना नमस्कार सांगावा. लिहिण्यात चूक नसावी, असल्यास दाखवावी.

तुमचा भाचा

ता. क. एकदा इकडे येऊन, गोळ्या लावून चालून दाखवाल का? दोन काड्यांची माणसं शेजारी शेजारी सारखीच चालली, की डॉक्टर सही करणार आहेत. हाफपँट घरची आणा. तिथली पोटावर बसणार नाही (हे आईचं मत).

आणखी एक ता. क. आई म्हणते, कोणी बघतंय असं कळलं की दादा छाती काढून ताठ चालायला लागतो. हात जोडतो मामा, तेवढं करू नका. त्या दिवशी तुम्ही नीट चाललात, तर मी कामातून गेलो.